न वाचलेला दावा
प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदांचा वास आला, की मला कळमनुरीतल्या वकीलसाहेबांचं ऑफिस आठवतं. सनद मिळाल्यावर मी तिथं ज्युनिअर म्हणून शिकत होते. साहेब माझ्या चुका खोडायचे आणि समोर बसवून कारण समजवायचे. एका दुपारी मी बांधाच्या भांडणाचा दावा लिहून नेला, तर त्यांनी तो न वाचताच बाजूला सारला आणि एआयकडून दुसरा लिहून घेतला. “साहेब, माझं काय चुकलं?” मी विचारलं. “काहीच न्हाई. पण हे मिनिटात लिहून देऊन राहिलं, मग तुला शिकवत काहून बसू? तू नुसतं छापून आण,” ते म्हणाले. मी छापून आणला, आणि त्या दिवसापासून त्यांचं शिकवणं थांबलं ते थांबलंच. आज माझं स्वतःचं ऑफिस आहे, पण न्यायाधीशांनी अवघड प्रश्न विचारला की आपण अर्धवटच शिकलो, ही भीती अजून वाटते.