मामांची गाडी बघायची राहिली

आत्या आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे केडगावला आली, कारण दुसऱ्या दिवशी एसटी मिळणार नव्हती. दिल्लीहून फार मोठे नेते नगरला सभेसाठी येणार होते आणि तालुक्यातल्या बहुतेक गाड्या माणसं आणायला लावलेल्या होत्या. श्रीगोंद्याच्या स्टँडवर कंडक्टरनेच तिला सांगितलं होतं, "मावशी, जायचं तर आजच बसा. उद्या आमी बी सभेला."

आत्याला सभेशी काही देणंघेणं नव्हतं. तिला रणगाडा बघायचा होता.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, सैन्यात रणगाडा चालवायचे. पत्रातून आणि सुट्टीत आल्यावर बोलताना ते त्याला 'गाडी' म्हणायचे. गाडी बंद पडली, गाडी धुतली, गाडीत फार उकडतं. लग्नानंतर कित्येक वर्षं आत्याला वाटायचं की ते ट्रक चालवतात. घरी शेती, सासू-सासरे, त्यामुळे ती त्यांच्याबरोबर नोकरीच्या गावी कधी राहिलीच नाही. निवृत्त झाल्यावर मामांनी तिला सांगितलं होतं की नगरला जुने रणगाडे मांडून ठेवलेत, त्यात मी चालवायचो तसली एक आहे, एकदा तुला दाखवतो. एवढ्या जवळ असून ते राहून गेलं आणि मग मामाच गेले.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाल्यावर आत्याने फोनवर वडिलांना विचारलं, "ते रनगाडे हायेत का रं अजून तिथं?" तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं वडिलांना आठवत नव्हतं. त्यांनी कारखान्यातून सुट्टी टाकली. मी पुण्यात नुकतीच नोकरीला लागले होते. मीही आले, आणि येताना मैत्रिणीचा मोठा कॅमेरा मागून आणला. आत्याचा मामांच्या गाडीशेजारी फोटो काढायचा, मोठा करून, फ्रेम करून द्यायचा, असं मी ठरवलं होतं. कॅमेरा नीट कसा वापरायचा तेही मला येत नव्हतं.

सभा संध्याकाळी आहे असं वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही साडेअकराला रिक्षाने निघालो. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. आत्या ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसली होती. रणगाड्यांचं संग्रहालय शहराच्या पलीकडच्या अंगाला, पाचला बंद होणारं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीने आत्याला परत जायचं होतं. म्हशीची धार काढायला तिने शेजारणीला एकच दिवस सांगितलं होतं.

शहरात शिरल्यावर रिक्षावाल्याने एका चौकात आम्हाला उतरवलं. पुढे बांबू बांधलेले, लोखंडी कठडे, दोन्ही बाजूंना पोलीस. सभा संध्याकाळी नव्हती, दुपारी होती. पलीकडे जायचा रस्ता मैदानाच्या कडेनेच जात होता.

"वळसा घालून?" वडिलांनी विचारलं.

"सगळंच बंद आहे," रिक्षावाला म्हणाला. "सभा सुटेपर्यंत आता नगरमधी पाखरू बी हलणार न्हाई. तुम्ही घरी जा, टीव्हीवर बघा."

"आमाला त्यास्नी न्हाई बघायचं," आत्या म्हणाली. "आमाला रनगाडा बघायचाय."

रिक्षावाला हसला, पण वाईट हसला नाही.

वडील हवालदाराशी बोलले. हात जोडून बोलले, पायी जाऊ म्हणाले. त्याने बघितलंही नाही. मग आई माझ्याकडे वळली. मला माहीत होतं ती वळणार. बँकेत, दवाखान्यात, वीज मंडळाच्या कार्यालयात, सगळीकडे मला पुढे करतात. "हिला बोलू द्या, हिचं इंग्लिश मीडियम झालंय." मला दोन्ही भाषांत न बोलणंच जास्त जमतं, हे मी घरात कधी सांगितलं नाही.

"त्या साहेबांशी बोल," आई म्हणाली. कठड्याजवळ एक मोठा अधिकारी उभा होता. "इंग्लिशमध्ये बोल. ऐकतात ते."

"काय बोलू?"

"सांग ना, म्हातारं माणूस आहे, लांबून आलंय, पायी सोडा म्हणावं."

"ये जाऊन, बाळा," आत्या म्हणाली. "न्हाई म्हणलं तर न्हाई. मारनार हाय का?"

मी गेले. कॅमेरा गळ्यात तसाच होता. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं, इंग्रजीत, दोनदा घोकून. त्यातले पहिले तीन-चार शब्द बोलले असेन, तेवढ्यात अधिकाऱ्याने कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "प्रेस?"

मी नाही म्हणायला हवं होतं. माझं पुढचं वाक्य अडकलं आणि मी मान हलवली. काही सुचत नसलं की मी हलवते तशी. त्याला तो होकार वाटला, आणि त्याला तसं वाटलंय हे मला कळलं.

"लवकर आत जा. प्रवेश बंद होतोय," तो म्हणाला. एका महिला पोलिसाने माझा दंड धरून मला कठड्याच्या फटीतून आत घेतलं. मी मागे बघितलं. आत्याने हात वर केला होता. जमलं, असा तिचा चेहरा होता. तिला वाटलं असणार की मी आत जाऊन परवानगी आणणार.

खूप दिवस मी स्वतःला हेच सांगत होते की मीही त्याचसाठी गेले. आत कुणीतरी वरिष्ठ भेटेल, मी त्यांना विचारेन. पण आत गेल्यावर मी कुणालाच विचारलं नाही. मला पत्रकारांसाठी राखलेल्या खुर्च्यांकडे नेलं. वर कापडी छत, बाजूला दोन मोठे कूलर. बाहेर एप्रिलचं ऊन होतं आणि तिथे गार वारा. एका कार्यकर्त्याने ताकाची थंड पिशवी हातात दिली, मागाहून बिस्किटांचा पुडा दिला. मला 'मॅडम' म्हणाला. मला तोवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.

शेजारी एक बाई बसल्या होत्या, खऱ्या पत्रकार. त्यांनी इंग्रजीतच विचारलं, कुठल्या पेपरची.

"फ्रीलान्स," मी म्हणाले.

मान हलवणं वेगळं आणि हे वेगळं. हे मी तोंडाने म्हणाले, न अडखळता म्हणाले. त्यांनी कॅमेऱ्याचं कौतुक केलं. मग मी कॅमेरा डोळ्याला लावून व्यासपीठाचे फोटो काढू लागले, कारण नुसतं बसले असते तर विचित्र दिसलं असतं.

पंधरा मिनिटांनी उठून जाता आलं असतं. पण बाहेर जायचं म्हणजे त्या अधिकाऱ्यासमोरून जायचं, आणि तो विचारणार, एवढ्यात कुठे निघालात. मी फोन लावून बघितला. नेटवर्क नव्हतं, एवढ्या गर्दीत ते बंदच पडलं होतं. मला हायसं वाटलं. आता फोन लागत नाही, तर माझा काय इलाज, असं मी स्वतःला म्हणाले. नेते दोन तास उशिरा आले. हेलिकॉप्टर आलं, लोक उभे राहिले, भाषण झालं. मी ते ऐकलं असेन, पण त्यातलं एक वाक्य आज सांगता येणार नाही. घड्याळ मात्र मी सारखी बघत होते. तीन. पावणेचार. सव्वाचार. दर वेळी मी मनात पाचपर्यंतचा हिशेब करायचे आणि अजून वेळ आहे म्हणायचे.

सभा संपल्यावर गर्दीबरोबर बाहेर आले. अधिकारी तिथे नव्हताच. दुसऱ्याच कुणाची ड्यूटी लागली होती.

आई-वडील एका बंद दुकानाच्या पायरीवर, दशम्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आत्या मात्र कठड्याला धरून उभी होती, मी सोडून गेले तिथेच, उन्हात, पदर डोक्यावरून पुढे ओढून. वडील म्हणाले, "हिला किती वेळा म्हटलं सावलीत बस. ऐकते का? म्हणाली, पोरगी आली तर दिसायला नको का तिला."

"काय झालं?" आईने मला विचारलं. "चार तास काय करत होतीस?"

"थांबवून ठेवलं," मी म्हणाले. "बाहेर सोडतच नव्हते."

"विचारलंस तरी का कुणाला?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आत्या मध्ये बोलली. "अगं, एवढा मोठा मानूस आल्यावर सोडत्यात व्हय कुनाला? पोरीचं तोंड बग कसं सुकलंय."

माझं तोंड सुकलेलं नव्हतं. मी सावलीत बसले होते, ताक प्याले होते. सुकलं होतं ते तिचं, ओठांना पापुद्रे आले होते. ती असं का म्हणतेय ते मला कळेना. मी नजर चुकवायला वर बघितलं, आणि तिच्या डोक्यावरून, चौकाच्या पलीकडे, तो पडदा दिसला. मैदानात न मावणाऱ्या लोकांसाठी लावलेला भिंतीएवढा पडदा. सभा संपली होती तरी तो चालूच होता. रिकामं व्यासपीठ, मग उठत असलेली गर्दी, मग कॅमेरा फिरत फिरत कूलरजवळच्या खुर्च्यांवर आला. त्या पत्रकार बाई सामान आवरताना स्पष्ट दिसत होत्या, त्यांच्या कानातले सुद्धा. शेजारची खुर्ची रिकामी होती. आई-वडिलांच्या पायरीवरून पडद्याची फक्त पाठ दिसत होती, कठड्यापासून मात्र सगळं.

मी आत्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"किती वाजले?" तिने वडिलांना विचारलं.

"पाचला दहा कमी."

"मग आता न्हाई व्हायचं." तिने कठडा सोडला आणि गुडघा धरला. "चला, दोन घास खाऊन घेऊ. अन्नाला काय सभा आडवी येत न्हाई."

त्या दुकानाच्या पायरीवरच आम्ही दशम्या सोडल्या. समोरून झेंडे, टोप्या, गाड्यांची रांग चालली होती. आत्याने पहिली दशमी माझ्या हातात दिली. "खाल्लंस का गं काई आत?" तिने विचारलं, आणि या वेळी सरळ माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले.

"मग खा," ती म्हणाली.

मी ती दशमी सगळी खाल्ली. पोटात बिस्किटं होती, तरी खाल्ली.

वडिलांनी तिला आणखी एक दिवस राहायला सांगितलं, मीही सांगितलं. "म्हशीला कोन बगंल?" एवढंच तिचं उत्तर. सकाळी सातच्या गाडीला मीच तिला बसवलं. खिडकीतून तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. त्या वेळी सांगता आलं असतं. गाडी सुटायला चांगली दहा मिनिटं होती.

मैत्रिणीला कॅमेरा परत करण्याआधी मी फोटो पुसले. व्यासपीठाचे सत्तरेक असतील. आत्याचा एकही नव्हता.

पुढे गावाकडून आतेभावाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "काय गं, आई सगळ्या आळीला सांगत सुटलीय. आमच्या पोरीनं इंग्रजीत असं सुनावलं की पोलिसानं हात धरून आत नेलं." रणगाडा राहिला हे तिने तिथे कुणाला सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

त्यानंतर आत्याचे गुडघे गेले. आता ती अंगणाच्या बाहेर फारशी येत नाही, एसटीचं तर नावच नको. गेल्या महिन्यात मी घरी आले असताना एकटीच संग्रहालयात गेले. कुणालाही सांगितलं नाही. रणगाडे उन्हात ओळीने उभे होते, प्रत्येकापुढे इंग्रजी पाटी, कुठे तयार झाला, कुठल्या लढाईत होता. मी मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढले, समोरून आणि बाजूने, पाट्यांचेही. दारापाशी एक वयस्कर माणूस खुर्ची टाकून बसला होता. सैन्यातून निवृत्त झालेला असावा, बसण्याच्या ढबीवरून तसं वाटलं. माझ्यापासून दहा पावलांवर. बाहेर पडताना मी त्याच्याकडे बघून हसले, तोही हसला, आणि मी रिक्षा पकडली.

फोटो आतेभावाच्या फोनवर पाठवले. रात्री जेवताना आत्याचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, मोबाईल तोंडाशी अगदी जवळ धरून बोललेला.

"लई छान हायेत गं. लई मोठाले हायेत की. मला वाटलं नव्हतं एवढं मोठं आसंल. त्यात मानूस बसतो कुठनं? आन ह्यातला त्यांचा कंचा, ते सांग."

मामांनी कुठल्या सालापर्यंत कुठली गाडी चालवली, हे मला माहीत नाही. तिलाही नाही. पण त्यांच्या भरतीचं साल आणि रेजिमेंट घरात सगळ्यांना माहीत आहे, दारावरच्या त्या माणसाला ती सांगितली असती तर त्याने बसल्या जागेवरून बोट दाखवलं असतं. मी "विचारून सांगते" असं लिहून पाठवलं. त्याला आता चोवीस दिवस झाले. आत्याने पुन्हा विचारलेलं नाही.