हत्ती आला, पळा!

माणसं पडू नयेत याचा मला पगार मिळतो. अबू धाबीच्या मुसफ्फा भागात लोखंडी टाक्या बनवणारं एक वर्कशॉप आहे, तिथे मी सेफ्टी ऑफिसर आहे. हेल्मेट घाला, बेल्ट लावा, ओल्या जमिनीवर पळू नका, असं मी हिंदी, इंग्रजी आणि मोडक्या अरबीत दिवसभर ओरडत असतो. माझ्या डोळ्यांदेखत आजवर दोनच माणसं दणकून पडली. त्यातला एक मी. आणि तोही सासूबाईंच्या समोर!

सासूबाई साताऱ्याच्या निवृत्त शिक्षिका. माझ्याबद्दलचं त्यांचं मत लग्नाच्या दिवशीच पक्कं झालं. वरातीला घोडा आणला होता. मी फक्त एवढंच विचारलं, की हेल्मेट मिळेल का? (घोड्याची उंची बघता प्रश्न रास्त होता. आजही माझं हेच मत आहे.) शेवटी घोडा पुढे मोकळाच चालला आणि नवरदेव मागून रिक्षातून आला. तेव्हापासून त्या मला भित्रा वगैरे काही म्हणत नाहीत. चारचौघांत म्हणतात, "आमचे विनायकराव फार जपून असतात हो!" आणि चारचौघं हसतात.

यंदा त्या आमच्याकडे मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला आल्या होत्या. ईदच्या सुट्टीत बालीला जायचं ठरलं. निघण्याआधी मृणालने, म्हणजे माझ्या बायकोने, मला स्वयंपाकघरात गाठलं.

"ज्वालामुखी आणि धबधब्यांची दिवसभराची टूर बुक केलीय. त्या दिवशी सेफ्टीचा एक शब्द काढायचा नाहीस. या वेळी तरी आई साताऱ्याला जाऊन तुझ्याबद्दल काहीतरी चांगलं सांगू दे."

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

"इन्शाल्ला नको! नक्की सांग."

मी नक्की सांगितलं. खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. एका घोड्यापायी माणसाने किती वर्षं शिक्षा भोगायची?

बालीत आमचा गाइड होता वायान. त्याने हात जोडून "ओम स्वस्त्यस्तु" म्हटलं आणि सासूबाई तिथेच विरघळल्या. "अगंबाई, हा तर आपल्यातलाच!" मग त्याने माझ्याकडे बोट दाखवून मृणालला विचारलं, "सुआमी?" आणि तिच्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "इस्त्री?"

"सुआमी म्हणजे स्वामी, इस्त्री म्हणजे स्त्री!" सासूबाईंनी टाळी वाजवली. "आपलेच शब्द, नुसते पाण्यात भिजलेले."

"तेच तर म्हणतोय आई," मी रुबाबात म्हणालो, "ही भाषा शिकायची गरजच नाही. जे ऐकू येईल, तोच अर्थ!"

(हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते आता जन्मभर लक्षात ठेवावं लागणार आहे.)

व्हॅनमध्ये आमच्यासोबत दुबईच्या अल कुसैसमध्ये राहणारे एक शर्माजी आणि त्यांच्या पत्नी होत्या. वाटेत एक पाटी लागली, 'गोवा गजा'. आमचा आर्यन ओरडला, "आजी, लुक, गोवा!" वायान हसून काहीतरी समजावू लागला. सासूबाई वर्गातल्या पहिल्या बाकावर बसल्यासारख्या ऐकत होत्या. मी मात्र त्या वेळी सीटबेल्टचा खटका नीट बसतो का, हे कुणाला न दिसेल असं तपासत होतो. त्यामुळे माझ्या कानावर एवढंच पडलं, की इथे जवळपास कुठेतरी एलिफंट आहे.

ज्वालामुखीपाशी मी कमाल केली. समोर काळाकभिन्न डोंगर, पायथ्याशी थिजलेला लाव्हा, आणि वायान आनंदाने सांगतोय की "माउंटन स्लीपिंग, सर!" झोपलाय? म्हणजे उठू शकतो! संकटात सगळ्यांनी जमायचा असेंब्ली पॉइंट कुठे आहे, हा प्रश्न माझ्या घशापर्यंत आला. मी तो गिळला. त्याची उचकी लागली.

"विनायकराव, भीती नाही ना वाटत?" सासूबाईंनी विचारलं.

"छे! हिक्! मस्त आहे की! हिक्!"

"फारच धीट झालात हो," त्या म्हणाल्या. कौतुकाने! मृणालने माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर प्रथमच सासरी माझा भाव वधारला होता. तो मोजून दुपारच्या जेवणापर्यंत टिकला.

जेवणानंतर धबधबा. खाली उतरायला दगडी पायऱ्या, त्यांच्यावर शेवाळ, दोन्ही बाजूंना दाट झाडी. एरवी मी ही वाट दोरी बांधून बंद केली असती. पण धीट जावयाला ते शोभत नाही. मी सासूबाईंचा हात धरला आणि म्हणालो, "चला आई, मी आहे ना!"

तेवढ्यात वरून वायान ओरडला, "हाती-हाती!"

हत्ती! आणि एक नाही, हत्ती-हत्ती, म्हणजे दोन! मी मागे वळलो. झाडी हलत होती. (वारा होता, हे नंतर कळलं.) खालून धो धो आवाज येत होता. (तो धबधबा होता, हे मला आधीपासून माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही.)

"हत्ती! हत्ती आला, पळा!" मी बोंब ठोकली.

पुढचे शर्माजी दचकले. "क्या? हाथी? किधर?"

"पीछे! दो हैं! यल्ला, भागो!"

शर्माजी भागले. बायकोला तिथेच ठेवून भागले. मीही भागलो. सासूबाईंचा हात कधी सुटला, ते मला आठवत नाही. त्यांना आठवतं.

दोन प्रौढ माणसं शेवाळावरून सुसाट पळताना बघून वायान बिचारा घाबरला आणि जिवाच्या आकांताने ओरडू लागला, "हाती-हाती! हाती-हाती! हाती-हाती!"

अरे देवा, अख्खा कळप!

शेवटच्या पायरीवर माझा पाय सटकला. मी शर्माजींना धरलं, शर्माजींनी हवा धरली, आणि आम्ही दोघे धबधब्याच्या डोहात धपाक! मी छातीइतक्या पाण्यात उभा राहून ओरडत होतो, "आई! झाडामागे लपा!"

"यार, हाथी को तैरना आता है क्या?" नाकातोंडातून पाणी काढत शर्माजींनी विचारलं.

मी उत्तर देणार, इतक्यात आमच्या आधीच खाली पोचलेला आर्यन काठावर दिसला. तो एका पिवळ्या पाटीला टेकून उभा होता. पाटीवर घसरणाऱ्या माणसाचं चित्र. असल्या पाट्या लावणं हा तर माझा धंदा!

"बाबा," तो म्हणाला, "इट्स रिटन हिअर. हाती-हाती. इट मीन्स बी केअरफुल."

शर्माजींनी माझ्याकडे बघितलं. मग ते माझ्यापासून हळूच जरा लांब सरकले.

एवढ्यात सासूबाई आल्या. एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात शर्माजींच्या पत्नीचा हात घेऊन, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवत. सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये दाखवावं असं उतरणं!

"आई, तुम्ही पळाला कशा नाहीत?" मी पाण्यातूनच विचारलं.

"कशाला पळू? हत्तीला इथे गजा म्हणतात. सकाळीच सांगितलं ना त्याने. गोवा म्हणजे गुहा, गजा म्हणजे हत्ती. तुमचं लक्ष नव्हतं." मग अगदी मायेने म्हणाल्या, "लग्नात घोडा निदान होता तरी हो!"

मृणाल इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. मला मात्र रडूच यायचं बाकी होतं. सकाळी कमावलेलं सगळं त्या डोहात गेलं होतं, आणि सोबत उजव्या पायातला बूटही.

पुढच्या आठवड्यात सासूबाई भारतात परत निघाल्या. विमानतळावर जाताना मला मुसफ्फात किल्ल्या द्यायच्या होत्या, म्हणून गाडी वर्कशॉपच्या गेटपाशी थांबवली. गेटवर 'सावधान' लिहिलेली मोठी पाटी आहे. इंग्रजी, अरबी, हिंदी, उर्दू. मागे एकदा कामावर इंडोनेशियन वेल्डर आले होते, तेव्हा तळाला त्यांच्यासाठीही एक ओळ टाकून घेतली होती. रोज सकाळी त्याच पाटीखाली उभा राहून मी कामगारांना भाषण देतो. माझी पाठ अर्थातच पाटीकडे असते.

मी किल्ल्या देऊन परत आलो, तर सासूबाई काच खाली करून, चष्मा सावरून पाटी वाचत होत्या. वरपासून खालपर्यंत, शिक्षिकेच्या शिस्तीने.

"विनायकराव, ती शेवटची ओळ वाचा बरं."

मी वाचली. हाती-हाती.

"दारी हत्ती झुलणं म्हणतात ते हेच का हो?" त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. "आता साताऱ्यात सगळ्यांना सांगते, जावयाने प्रगती केली. घोड्यावरून हत्तीवर आले!"

त्या ओळीच्या खाली 'आदेशावरून' म्हणून एक नाव छापलेलं होतं. हत्तीच्या अगदी पायाखाली. माझंच!