फोर्कलिफ्टसमोर फोडलेला नारळ

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी बियाण्याच्या गोदामातली ती केस मनातून जात नाही.

तेव्हा मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत ठाणेदार होतो. एके सकाळी एका खासगी दवाखान्यातून पोलीस केसचा कागद आला: मोटारसायकल घसरून उजवा पाय चिरडला. माणूस गोदामातला हमाल, परतूरकडचा. हवालदार जबाब घेऊन आला. जखमीनेही तेच सांगितलं होतं. असा कागद फाइलला लावायला पाच मिनिटं लागतात. आम्ही लावला. ती आमची चूक, आणि ती लपवायचं मला कारण नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. बसा म्हटलं तरी उभीच.

“मोटारसायकलवरून पडले, असं लिहिलं तुम्ही?”

“त्यांनीच सांगितलं, ताई,” हवालदार म्हणाला.

“अहो, त्यांना सायकल धड येत न्हाई! सारं गाव हसतं त्यांना. मोटारसायकल काय तुम्ही दिल्ती?”

 डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याचा पाय गुडघ्याखाली कापला होता. तो कागद तसाच राहिला असता, तर स्वतःच्या चुकीने पडला म्हणून मालक भरपाई न देता कायमचे हात झटकून मोकळे झाले असते. म्हणून मी तडक गोदाम गाठलं.

सुपरवायझर दारातच हजर. “आमच्याकडं काहीच झालं न्हाई साहेब. तो ड्युटी संपवून गेल्ता.”

कॅमेरा बंद. फरशीची एक पट्टी धुऊन लख्ख. संपूर्ण गोदामात तेवढीच पट्टी स्वच्छ होती. पण तेवढ्यावर काय सिद्ध होणार?

कोपऱ्यात फोर्कलिफ्ट उभी होती. पोती उचलायच्या लोखंडी दांड्यांवर ताजं कुंकू, खाली फुटलेला नारळ, चिरलेलं लिंबू. दसरा नाही, अमावस्या नाही.

“ही कसली पूजा?”

“रोजचीच, साहेब.”

मागे उभ्या हमालांपैकी एक म्हातारा बोलून गेला, “रोजची कशाची? रगत सांडलं की मशीन शांत करावं लागतं. त्याबिगर कोण बसंल तिच्यावर?”

सुपरवायझरने फरशी धुऊन घेतली होती. पण तो नारळ उचलायची हिंमत त्यालाही झाली नव्हती.

पाय गेला त्या दिवशी मशीन चालवणारा कोण, ते हमालांनी सांगितलं; त्या माणसाला ठाण्यात आणलं. चहा दिला आणि बराच वेळ काही विचारलं नाही. खोटं पाठ करून आलेल्या माणसाला प्रश्नांपेक्षा शांतता जड जाते. कप ठेवला आणि तो रडायलाच लागला. तो जखमीचा सख्खा साडू होता.

“मी बी हमालच हाय साहेब. ड्रायव्हर सुट्टीवर गेल्ता. सुपरवायझर म्हणले, बस, जल्दी ट्रक खाली कर. समोर पोत्यांची थप्पी, पलीकडचं दिसंना. हॉर्नची वायर तर कधीचीच तोडलेली. हापिसात आवाज जातो म्हणून.”

“मग जखमी खोटं का बोलला?”

“खरं सांगितलं तर साडू आत जाईल, असं सुपरवायझरनं सांगितलं त्याला.”

हापिसातल्यांच्या कानाला त्रास नको म्हणून एका माणसाचा पाय गेला. याला मी अपघात म्हणत नाही.

दवाखान्यात गेलो. जखमीने पहिला प्रश्न विचारला, “साडूला टाकणार का आत?”

“नाव त्याचंही येईल. पण त्याला तिथं बसवणारे आधी.”

 मग त्याने पुरवणी जबाब दिला.

वरून फोन आला: मशीन चालवणाऱ्यावर गुन्हा घ्या आणि मोकळे व्हा. मी मोकळा झालो नाही. गुन्ह्यात पहिलं नाव मालकाचं, दुसरं सुपरवायझरचं, साडूचं तिसरं. खटला अजून चालू आहे.

आम्ही पोलीस बहुतेक वेळा मशीनच्या सगळ्यात जवळ उभा असलेला माणूस पकडतो, कारण तो लगेच सापडतो. न शिकवता त्याला तिथे कोणी बसवलं, हे विचारायला जास्त चालावं लागतं. नोकरीच्या उरलेल्या वर्षांत मी तेवढं चालत राहिलो.

नवा जबाब मी जखमीच्या बायकोला ठाण्यात मोठ्याने वाचून दाखवला. ‘गोदामात काम करत असताना’ या शब्दांवर तिने मला थांबवलं.

“तेवढं परत वाचा.”

मी परत वाचलं. मग ती पहिल्यांदा खुर्चीत बसली.