आश्रुबाच्या हातातला पाय

आश्रुबानं सात वर्षांत कुणाच्या पायाला हात लावला नव्हता. थोरामोठ्यांना नमस्कार करायचा तर लांबूनच हात जोडायचा. गाव म्हणे, नाव झालं तसा ताठला. खरं कारण त्याला आणि महादेवालाच ठाऊक होतं.

ताडकळसच्या शिवरात्रीच्या जत्रेत हुतुतूचे सामने व्हायचे. आश्रुबा पकडीचा गडी. चढाईवर आलेला गडी हुतुतू घुमवत माघारी वळला, की हा मांजरासारखा खाली बसून त्याचा घोटा धरायचा. घोटा एकदा हातात आला, की मग तो सुटत नसे. सात वर्षांमागं शेवटच्या सामन्यात त्यानं चुडाव्याच्या चंद्रभानला असंच धरलं. चंद्रभान तोंडावर पडला आणि चौघं त्याच्या पाठीवर. मधली रेघ हातभर लांब राहिलेली. तोंड मातीत, तरी हुतुतू चालूच होतं. मग ते थांबलं.

दम तुटला की सोडायचं, असा खेळाचा नेम. गलक्यात कुणाला काही कळलं नाही. पण चंद्रभानचा आवाज त्याच्या पायापर्यंत घुमायचा, तो थांबलेला आश्रुबाच्या हाताला कळला. तरी त्यानं सोडलं नाही. लोक ओरडत होते, हाताला सोडावंसं वाटलं नाही, एवढंच.

चंद्रभान उठून बसला, माती थुंकला आणि हसला. "आश्रू, लेका, तुझा हात हाय का सांडशी?"

चौथ्या दिवशी तो गेल्याचा निरोप आला. तापानं गेला म्हणाले. आश्रुबानं खेळ सोडला. लोकांना वाटलं, जिंकला आणि बाजूला झाला, केवढं मोठं मन!

पण हुतुतू काही थांबलं नाही. भर दुपारी मोट हाकताना, कडब्याच्या गंजीमागं, ज्वारी राखताना ते ऐकू यायचं आणि एका ठरल्या जागी तुटायचं. तुटलं की त्याच्या मुठी वळायच्या. जेवताना असं झालं की त्याची बायको पारूबाई म्हणायची, "आवं, भाकर हाय ती, कुणाचं नरडं न्हाई. सैल धरा."

निजामाच्या अमलातल्या फसली सन तेराशे एकोणपन्नासात किशनराव पाटलांच्या मनात आलं, की मैदानाच्या कडेला आश्रुबाची दगडी मूर्ती बसवावी. शिवरात्र महिन्यावर आली होती.

"पुतळा म्हणलं की इजाजतीसाठी परभणीपस्तोर हेलपाटे," पाटील आश्रुबाच्या ओट्यावर बसून सांगत होते. "वीराचा दगड म्हणलं की कुणी इचारत न्हाई. तसंच लिहून दिलंय."

पारूबाई दाराआडून म्हणाली, "पाटील, वीर तर मेलेल्या माणसाचा असतो."

"कागदावर गं! कागदावर मेल्यानं माणूस मरतो काय?"

"मंग तुमचंच नाव घालायचं व्हतं की."

पाटील हसले, पण चहा अर्धाच ठेवून उठले.

झुंजीत पडलेल्याचा, वाघानं नेलेल्याचा दगड शिवेवर बसवतात, त्याला शेंदूर लावतात, लग्नात नारळ देतात. जित्या माणसाचा तसा दगड कुणी पाहिला नव्हता. पारूबाईनं सोमवार धरले. आश्रुबा मात्र हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. नको म्हटलं तर का म्हणून विचारतील, याची त्याला भीती.

भुजंग पाथरवट देवगाव फाट्याकडून आलेला. मैदानातल्या लिंबाखाली त्याचं काम चाले. शिवरात्रीला आठ दिवस राहिले तेव्हा आश्रुबा तिकडं गेला. दगडात तो स्वतःच होता. तसाच दबा धरून बसलेला, तीच जाड मान. दोन्ही हातांत एक पाय, गुडघ्यापर्यंतच. वरचा माणूस दगडातच राहिलेला. त्या पायाला सहा बोटं होती.

चंद्रभानच्या उजव्या पायाला सहा बोटं होती.

"हे तुला कुणी सांगितलं?" आश्रुबानं विचारलं.

"कुणी कशाला सांगंल? दगडातच गाठ व्हती, मामा. छिन्नी मोडली, पर ती हालली न्हाई. म्हणलं ऱ्हाऊ द्या, आसत्यात कुणाकुणाला." भुजंगनं हात झटकले. "आता तुमचे डोळे तेवढे राहिलेत. ते शिवरात्रीला उघडायचे."

ते डोळे उघडले की रोज त्या पायाकडं बघत बसणार, आपण मेल्यावरसुद्धा. आश्रुबा घरी आला आणि पारूबाईपुढं सगळं बोलून मोकळा झाला. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"सात वर्सं माझ्या हातचं जेवलाव, आन् हे पोटात ठिवून?" तिनं पाखडलेले दाणे डब्यात ओतले. "त्याची माय हाय का?"

"हाय. चुडाव्याला."

"मंग माझ्यापाशी काय बसलाव?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो चालत निघाला. चंद्रभानच्या आईचं, धुरपताबाईचं घर ठेसनाच्या मागं. ती अंगणात तूर निवडत होती. त्यानं नाव सांगितलं आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. आगगाडी गेली, तिचा आवाज संपला, तरी म्हातारी निवडतच होती.

"दम तुटल्यावर किती येळ धरलंस?"

"महादेवाचं नाव दोनदा घ्यावं, इतका."

"त्याचं अंग आदल्या दिसापासून तापलं व्हतं," ती म्हणाली. "नगं जाऊ म्हणायचं सोडून म्याच म्हणलं, जा, जत्रा हाय. सात वर्सं म्या म्हणायले, माझ्यानं गेला. आज तू म्हणायलास, तुझ्यानं. आता खरं काय ते सांगायला त्यो तर येत न्हाई."

"येतो, मावशी. मला रोज येतो."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. त्याच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं.

"काय म्हणतो?"

"हुतुतू म्हणतो. दुसरं काय न्हाई."

"माझ्याकडं एकदाबी आला न्हाई रं." तिनं पदर तोंडाला लावला.

शिवरात्रीला मैदान भरलं होतं. हलगी वाजत होती. आश्रुबा पुढं झाला आणि दम तुटल्यावरही आपण धरून ठेवलं होतं, हे भर लोकांत बोलला. हलगी थांबली. पाटील लाल झाले, "येडा झालास का, आश्रू?" म्हणाले. तेवढ्यात धुरपताबाई माणसं सारत आली. बोट शेंदरात बुडवून तिनं दगडातल्या त्या पायाला लावलं.

"कागदावर मेलेल्याचा दगड हाय म्हणत्यात. मंग माझ्या लेकाचाच की."

भुजंगनं हत्यारं पिशवीत घातली. मूर्तीचे डोळे तसेच मिटलेले राहिले, आणि लोक तिला चंद्रभानचा वीर म्हणू लागले.

त्यानंतर दर बाजाराला धुरपताबाई चुडाव्याहून यायची, दगडाला पाणी घालायची आणि त्याला टेकून बसायची. आश्रुबा शेजारी बसायचा.

"आला का?" ती विचारायची.

"आला."

असं वैशाखापर्यंत चाललं. एका बाजारी तिनं विचारलं आणि आश्रुबानं कान दिला. लिंबाची पानं हालत होती. बैलांच्या घुंगरांचा आवाज होता. पलीकडं बांगड्यांच्या दुकानात बाया भाव करत होत्या. बाकी काही नव्हतं. त्याच्या ध्यानात आलं, की गेले चार दिवसही काही नव्हतं. त्यानं सात वर्षं देवाजवळ हेच मागितलं होतं.

"आला का रं?" म्हातारीनं पुन्हा विचारलं.

आश्रुबानं दम भरला, खाली वाकला आणि अगदी हळू आवाजात हुतुतू म्हणायला लागला. म्हातारीनं डोळे मिटले. त्याचा दम सरत आला, तरी ती बस म्हणेना.