मधमाश्यांचं साउंड कार्ड

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवणारं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. जगभरचे लोक मिळून ते सांभाळतात आणि नागपुरात घरी बसून त्यातला एक कोपरा मी सांभाळते. बाहेरच्या संगणकातलं आवाजाचं किंवा नेटवर्कचं एखादं कार्ड थेट आतल्या संगणकाच्या हवाली करायचं, एवढंच त्या कोपऱ्याचं काम. त्याची जुनी पद्धत सैल होती. आतला संगणक शेजारच्या कार्डांतही लुडबुड करू शकायचा. सुरक्षित पद्धत येऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून एका हिवाळ्यात मी सगळ्यांना कळवलं की जुनी आता काढून टाकते.

हरकत एकाचीच आली, तीही नरखेडकडच्या एका गावातून. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर संत्र्याच्या बागेतल्या मधपेट्यांत माइक बसवून मधमाश्यांचा आवाज साठवत होते. त्यांचं साउंड कार्ड फार जुनं. त्याला ओळखणारी प्रणालीही तितकीच जुनी, ती आतल्या संगणकात चालायची. नवी पद्धत ते कार्ड घ्यायलाच तयार नव्हती.

मी फोन केला.

"काहून काढून राहिली बेटा?" सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "चालून तर राहिलं."

"चालतं सर, पण सांभाळायला कोणी उरलं नाही."

"मंग एकडाव येऊन पाहून जा."

मी एसटीनं गेले. संत्र्यांचा आंबिया बहार फुटला होता. खिडकीतून फुलांचा वास येत राहिला आणि मी अर्धवट झोपेत, आपण कुठे नि कशाला चाललोय हेच विसरून गेले. सरांच्या घरी काकूंनी पाणी दिलं. "उन्हातून आली वं, आधी बस जराशी."

बागेच्या कडेला सरांची खोली होती. पेट्यांकडून आलेल्या वायरी खिडकीतून आत येत होत्या. सरांनी हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. आधी नुसती गुणगुण. मग ती खोल होत गेली, जवळचं-लांबचं कळू लागलं. मी डोळे मिटले. सरांनी कळ फिरवली, तसा आवाज बदलला. लांबलेला, कण्हल्यासारखा झाला.

"या पेटीतली राणी मेली," सर हळू म्हणाले. "तिले शोधून राहिल्या त्या."

किती वेळ ऐकत बसले, कोण जाणे.

मग आम्ही संगणक उघडला. अडचण साधी निघाली. साउंड कार्ड आणि नेटवर्क कार्ड संगणकानं पाडलेल्या एकाच गटात बसली होती, आणि नवी पद्धत अख्खा गट मागते, नाहीतर काहीच घेत नाही. नेटवर्क कार्ड काढून त्याच्याऐवजी मी माझ्याजवळचा यूएसबीचा नेटवर्क-जोड लावला. संगणक सुरू केला. हेडफोनमध्ये शांतता. सर माझ्याकडे बघत नव्हते, बाहेर झाडांकडे बघत होते. मग हलकेच गुणगुण सुरू झाली. हेडफोन मी त्यांना दिला. त्यांनी तो लावला आणि कळ फिरवत एकेक पेटी ऐकत गेले.

"आता काढ तुह्या मनानं," शेवटी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी जुनी पद्धत काढली. अनोळखी माणसांनी कधीकाळी लिहिलेल्या, मी वर्षानुवर्षं वाचलेल्या ओळी पडद्यावर खोडल्याच्या खुणेनं लाल होऊन निघून गेल्या. सगळ्या चाचण्या पार पडल्या, कुणाचं काही अडलं नाही. तरी त्या दुपारी दुसरं काम हाती घ्यावंसं वाटेना. गच्चीवर चटई टाकून सावलीत पडून राहिले.