झेडएक्सआयची अक्षरं

मोठेबाबांना गाडी चालवता येत नव्हती.

तरी आमच्या महाल भागात कोणाला जुनी गाडी घ्यायची असली, की आधी त्यांना बोलावणं यायचं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. घरातला हातमाग बंद झाला आणि ते जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत पडले. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

त्यांची तपासायची पद्धत अजब होती. सरळ मागच्या सीटवर जाऊन बसायचे आणि सीट कव्हरच्या खाली हात घालायचे.

"बाहेरून लोकं काहीही लावतेत. अलॉयची चाकं लावतेत, स्क्रीन लावतेत. आतलं कापड कोणी बदलवत नाही."

सगळ्यात स्वस्त ते बेस मॉडेल, त्याचं कापड साधं; सगळ्यात महाग ते टॉप, त्याचं नक्षीचं. विणकराच्या बोटांना ते न पाहता कळायचं.

मला कोराडीला नोकरी लागली तेव्हा मी ठरवलं, घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तर पहिली गाडीही मीच आणणार. सगळ्यांना बसवून स्वतः चालवणार.

इतवारीतल्या एका गल्लीत आम्ही पांढरी हॅचबॅक पाहायला गेलो. मागे चकचकीत अक्षरं, झेडएक्सआय. म्हणजे टॉप मॉडेल.

मालक तिशीतला. त्याचे म्हातारे वडील ओट्यावर बसले होते.

"माह्या पोरानं घेतली त टॉपच घेतली," ते म्हणाले. "या गल्लीत पहिली."

मोठेबाबा मागे बसले. हात कव्हरखाली गेला. मग इंजिन चालू करायला लावून त्यांनी बोनेटवर तळहात ठेवला.

हळूच मला म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे. पण बेस आहे वं."

"मग सांगा ना. खोटं बोलून राहिले ते."

"त्या म्हाताऱ्यासमोर?"

ते मालकाला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. मीही गेले.

"अक्षरं कोणं लावले गा?"

तो ग्लासाकडे पाहत राहिला. "मीच. बाबाले टॉपच पाहिजे होती, काका. मले परवडली नाही. त्याइले अजून माहीत नाही."

"भाव बेसचा घेशील?"

"घेईन."

"मंग झालं. आम्ही काही पाह्यलं नाही."

परत आलो तर वडील वाटच पाहत होते. "काय म्हणता? टॉप आहे ना?"

मी मोठेबाबांकडे पाहिलं. आता तरी हे खोटं बोलणार, असं मला वाटलं.

"लई चांगली सांभाळली तुमच्या पोरानं," ते म्हणाले.

म्हातारे खूश झाले. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

गाडी आमच्या दारात आली त्याच दिवशी मोठेबाबांनी गरम पाणी मागवलं. अक्षरांवर ओतलं आणि त्यांच्यामागून दोरा घालून करवतीसारखा चालवायला लागले.

आत्या म्हणाली, "राहू दे ना दादा. शोभून दिसते. आपली पोरगी साहेब झाली."

"साहेब नाही, क्लार्क आहे ते. अन् बी.कॉम. आहे. कमी आहे का?"

दोरा चालूच होता.

मी हसले. नातेवाइकांत मी केव्हाच 'ऑफिसर' झाले होते, आणि ते ऐकताना दर वेळी माझी मान खाली जायची. त्या दिवशी नाही गेली.

"त्यांच्या दारात काहून नाही काढले?" मी विचारलं.

"त्याइच्या दारात काढाचे नसते. आपल्या दारात ठेवाचे नसते."

पुढच्या रविवारी सगळ्यांना कोराडीला घेऊन गेले. मोठेबाबा मागेच बसले. माझ्या ऑफिससमोर गाडी थांबवली तेव्हा म्हणाले, "बेस असो का टॉप, या गाडीत इंजिन एकच राह्यते. कोणाले सांगाले लाजू नको."

आज सकाळी गाडी धुतली. अक्षरं होती तिथला रंग अजून जरा नवा दिसतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, कोणतं मॉडेल आहे वं?

बेस, म्हटलं.

मोठेबाबा, मागच्या सीटचं कव्हर मी काढलं ते परत घातलेलं नाही. तुमच्या हाताखालचं कापड तसंच आहे.

मनापासून नमस्कार.