पपईकडे बघणारे काका

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर एक काका फळांची हातगाडी लावतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. रद्दीच्या पेपरात पपई गुंडाळण्याआधी ते पेपर तळहाताने सपाट करतात आणि त्यावरचं चित्र निरखून बघतात.

मी जाहिराती तयार करतो. परवा केळी आणायला गेलो, तर त्यांच्या हातात आम्हीच केलेली फ्लॅटची जाहिरात. चित्रातली लहान मुलगी खालच्या फोन नंबराकडे बघत होती. तिची नजर तिथे वळवावी की नाही, यावर ऑफिसात आठवडाभर वाद झाला होता.

"ही पोरगी नंबराकडे बघतेय, म्हणून आपणही तिकडंच बघतो," काका म्हणाले.

मी थक्क झालो. "तुम्हाला कसं कळलं?"

"मी तरी दुसरं काय करतो, साहेब? गिऱ्हाइकाकडे बघतच नाही. जे विकायचं, त्याच्याकडे बघतो."

बोलतानाही त्यांची नजर एका पिवळ्याधमक पपईवर होती. अगदी मायेने बघत होते. आमच्या कॉलेजात हे दोन वर्षं शिकवलं होतं, पण असं नाही.

त्याच नादात घरी आलो. बायकोने पिशवीत डोकावलं.

"केळी सांगितली होती. ही पपई कुणासाठी?"